वारसाफेरी लायन गेटशी का थांबत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी पडू लागली की रविवारी सकाळी फोर्टात वारसाफेऱ्यांची लगबग सुरू होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, समोरची महापालिका, हायकोर्ट, राजाबाई टॉवर, शेवटी टाऊन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सगळ्यांचा एकत्र फोटो आणि मग नाश्ता. फेरी चांगली असते, माहिती देणारेही अभ्यासू असतात. पण ज्या पायऱ्यांवर हा फोटो निघतो, त्यांच्या पाठीमागे टाकसाळ, तिच्यापलीकडे नौदलाची भिंत आणि त्या भिंतीआड १७५० साली बांधून झालेली सुकी गोदी आहे. तिच्याविषयी एखादं वाक्य निघालं तर निघालं. शहीद भगतसिंग मार्गावरच्या लायन गेटसमोरून, म्हणजे नौदल गोदीच्या फाटकासमोरून, सगळे जण गप्पा मारत पुढे जातात.

हे पत्र त्या गोदीसाठी आहे. इमारती आणि गोदी एकाच फेरीत, एकाच दिवशी पाहाव्यात, आणि तो दिवस पंचांग बघून ठरवावा, एवढंच सांगायचं आहे. पंचांग कशाला, हे पुढे येईलच.

आधी गोदीचं काम समजून घेऊ. सुकी गोदी म्हणजे किनाऱ्यात खोदलेला, दगडाने बांधून काढलेला लांबट हौद. समुद्राकडच्या तोंडाला दरवाजे आणि तळाला मधोमध लाकडी ठोकळ्यांची रांग. भरतीला दरवाजे उघडायचे, जहाज दोरांनी आत ओढून बरोबर ठोकळ्यांच्या रेषेवर आणायचं आणि दरवाजे लावायचे. ओहोटी लागली की मोऱ्यांतून पाणी आपोआप बाहेर जातं. तळाशी उरेल तेवढंच उपसावं लागतं. पाणी उतरताना जहाजाचा कणा, ज्याला आपल्याकडचे खलाशी आणि सुतार 'पठाण' म्हणतात, ठोकळ्यांवर टेकतो आणि दोन्ही बाजूंनी टेकू लावले जातात. यात चूक करायला भरपूर वाव असतो. ठोकळे एका पातळीत नसतील तर सगळं वजन दोन-चार ठिकाणी येऊन पठाण वाकते. जहाजातला माल आणि तोफा आधी उतरवल्या नसतील तर पोटाच्या फळ्यांचे सांधे उघडतात. टेकू उशिरा लागले तर जहाज कलतं. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दिवस चुकणं. उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती, ओसरू लागल्यावर मोठं जहाज कसंबसं आत घेतलं, तर दुसऱ्या दिवशीची भरती त्याहून कमी चढते, तिसऱ्या दिवशीची आणखी कमी. काम दोन दिवसांत संपलं तरी जहाज पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर, आतच अडकून पडतं.

मुंबईला जहाजबांधणी का रुजली याचं उत्तरही इथेच आहे. वाफेचे पंप नसलेल्या काळात हौद भरायचा आणि रिकामा करायचा तो समुद्रानेच. त्यासाठी भरती-ओहोटीतला फरक मोठा हवा. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी हा फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो. मद्रासच्या किनाऱ्यावर तो जेमतेम मीटरभर. कलकत्त्याला भरती आहे, पण नदीचा गाळही आहे. त्यातून मुंबईचं बंदर पूर्वेकडे तोंड करून बसलेलं, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या आडोशाला. मलबारच्या जंगलातलं सागवान समुद्रमार्गे इथे आणता येत होतं. उरले कारागीर. ते ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून आणले.

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया काही सुतारांसह सुरतेहून मुंबईत आले. जुन्या मुंबई गोदीचा वरचा भाग १७५० मध्ये, मधला १७६२ मध्ये आणि खालचा १७६५ मध्ये झाला. पुढे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या नावाची डंकन गोदी १८०७ पासून वापरात आली. मुख्य जहाजबांधणीकाराचं पद लवजींच्या घराण्यात जवळजवळ दीडशे वर्षं राहिलं. त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी १८१० मध्ये बांधलेलं 'मिंडेन' हे ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलेलं पहिलं मोठं युद्धनौका-वर्गातलं जहाज. त्यानंतर ७४ तोफांचं 'कॉर्नवॉलिस' १८१३ मध्ये आलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीन आणि ब्रिटन यांच्यातला नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. १८१५चं 'वेलस्ली' तर १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडालं. बांधल्यापासून सव्वाशे वर्षांनी, तेही विमानहल्ल्यात! १८२४चं ८४ तोफांचं 'एशिया' १८२७ च्या नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याचं मुख्य जहाज होतं. आणि १८१७चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगतं आहे. ब्रिटनचं तरंगत्या अवस्थेतलं ते सर्वांत जुनं लढाऊ जहाज. त्याच्या आराखड्यांचा पहिला संच ज्या जहाजातून मुंबईला निघाला होता, ते 'जावा' १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने लढाईत जिंकलं आणि आराखडे गेले. दुसरा संच मागवावा लागला.

आता तारखा पाहा. 'मिंडेन' पाण्यात गेलं १९ जून १८१० रोजी. चंद्राचं गणित मागे नेलं तर ती तारीख पौर्णिमेनंतर दोन दिवसांची निघते. 'ट्रिंकोमाली'ची तारीख १२ ऑक्टोबर १८१७, अमावास्येनंतर एक-दोन दिवसांची. सर्वांत मोठं उधाण येतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, हे कोणताही कोळी सांगेल. गोदीत बांधलेलं जहाज बाहेर काढायचं तर वर्षातल्या काही मोजक्या दिवसांतच काढता येत होतं. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या सोयीला तिथे फारशी जागा नव्हती.

सागवानाबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो की ते 'कधीच सडत नाही'. सडतं, पण फार सावकाश. खरं कारण वेगळं आहे. ओक लाकडात टॅनिक आम्ल असतं आणि ते लोखंडी खिळे-बोल्ट खातं. सागातलं तेल लोखंडाला उलट जपतं. म्हणजे टिकतो तो सांधा, आणि जहाज सांध्यात मरतं. समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा सागालाही सोडत नाही, म्हणून पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकत. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारांची आणखी एक खास रीत होती. फळीला फळी नुसती भिडवायची नाही. एकीच्या कडेला खाच आणि दुसरीला तिच्यात बसणारी धार ठेवायची, मध्ये राळ लावलेला कापूस घालून दोन्ही एकमेकींत बसवायच्या. युरोपीय पद्धतीत फळ्यांच्या फटीत बाहेरून दोर ठासतात. जहाज लाटांवर पिळलं गेलं की तो सैल होतो आणि पुन्हा पुन्हा ठासावा लागतो. खाचेच्या सांध्याला वेळ दुप्पट आणि लाकूड जास्त लागतं, पण गळती कमी. पठाण बसवताना तिच्यात चांदीचा खिळा ठोकायची पारशी कारागिरांची प्रथाही होती. हे सगळं सांगायला पाच मिनिटं पुरतात आणि गेटसमोरच्या फूटपाथवर उभं राहून ते सांगता येतं.

लाकडाचं हे राज्य लोखंडी बांध्याच्या जहाजांनी संपवलं. १८२९चं 'ह्यू लिंडसे' हे मुंबईत बांधलेलं वाफेचं जहाज पुढच्याच वर्षी सुएझला जाऊन आलं, पण यंत्रं विलायतेची होती. १८४८ मध्ये ८० तोफांचं 'मीआनी' पाण्यात गेलं आणि त्यानंतर तेवढं मोठं लढाऊ जहाज इथे झालं नाही. याच घराण्यातले अर्देशीर खरशेटजी यांनी वाफेची विद्या आत्मसात केली आणि १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. जहाजबांधणी मात्र मुंबईतून गेली नाही. ती माझगावला सरकली. १७७४ च्या एका छोट्या सुक्या गोदीपासून सुरू झालेला माझगाव डॉक १९६० मध्ये सरकारने घेतला आणि तिथे बांधलेली 'निलगिरी' १९७२ मध्ये नौदलात आली.

आता इमारती. यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे फक्त गोदीशी जोडणारे धागे. ओव्हलच्या कडेला सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट, सार्वजनिक बांधकाम खातं अशी जी रांग उभी आहे, ती किल्ल्याचा तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर. तट पडला १८६० च्या दशकात, आणि त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाचं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवरसाठी दिलेले पैसे याच तेजीतले. हा कापूस जहाजात चढत होता कसा? ओहोटीलाही आत पाणी राहील अशी गोदी मुंबईत तेव्हा एकही नव्हती. मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकून उभी असत आणि धक्क्यांवरून पडाव-मचव्यांतून गासड्या नेऊन चढवल्या जात. पहिली ओली गोदी, ससून डॉक, झाली १८७५ मध्ये. पोर्ट ट्रस्ट १८७३चा, प्रिन्सेस डॉक १८८०चा. म्हणजे सचिवालय १८७४ मध्ये, तर हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरे होत होते, त्याच वर्षांत पूर्व किनाऱ्यावर गोद्या खोदल्या जात होत्या. एकाच शहराचं हे एकच बांधकाम होतं. आपण त्यातली अर्धी बाजू पाहतो.

याचा सर्वांत सरळ पुरावा बॅलार्ड इस्टेट. १९१४ मध्ये वापरात आलेल्या अलेक्झांड्रा डॉकसाठी, आजच्या इंदिरा डॉकसाठी, जी माती-दगड खोदून काढली, ती समुद्रात भरून सुमारे २२ एकर जमीन तयार झाली आणि तिच्यावर जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली एकसारख्या उंचीच्या इमारती उभ्या राहिल्या. गोदीचा खड्डा आणि बॅलार्ड इस्टेटचा भराव ही एकाच मातीची दोन टोकं. फेऱ्या इथेही सहसा येत नाहीत. नवल आहे, कारण रविवारी सकाळी दक्षिण मुंबईतले सर्वांत शांत, झाडांच्या सावलीचे रस्ते हेच.

फेरी कशी आखावी, ते आता सांगतो. जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, प्रतिपदेला साधारण बारा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरे. भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा-द्वितीया रविवारी येईल असा महिना निवडावा. त्या दिवशी पाणी दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास सर्वांत वर असतं आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला तळाला. उन्हाचा हिशेबही याच्याशी जुळतो.

सकाळी आठला महापालिकेसमोर उभं राहावं. तिचा दर्शनी भाग पूर्वेकडे आहे, त्यामुळे कोवळं ऊन थेट तोंडावर येतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची ही इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. मनोरा २३५ फुटांचा. समोरचं टर्मिनसही त्यांचंच, दहा वर्षांच्या बांधकामानंतर १८८८ मध्ये पूर्ण झालेलं. त्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून त्याचा चांगला फोटो दुपारी चारनंतरच निघतो. सकाळी तिथे बाहेर वेळ घालवू नये. आत जावं. उपनगरी तिकिटांच्या दालनाचं छत, कमानी आणि दगडी खांब रोज लाखो लोक डोक्यावर घेऊन रांगेत उभे असतात आणि वर बघत नाहीत. दर्शनी भिंतीवरच्या मुखवट्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई शोधावेत. फाटकावरचा सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. कामावर स्टीव्हन्स यांचे सहायक म्हणून सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन होते. ही नावं फेरीत उच्चारली जावीत. तसंच राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे जे पुतळे आहेत, ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचे. टॉवरचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईत एकदाही आले नाहीत. मुकुंद रामचंद्र इथेच होते.

तिथून जीपीओचा घुमट बाहेरून पाहून बॅलार्ड इस्टेट, मग मिंट रोडने टाऊन हॉल. १८३३ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत कर्नल थॉमस काउपर यांची. तीस पायऱ्या आणि डोरिक खांब. पायऱ्या चढून मागे वळावं आणि हॉर्निमन सर्कलकडे न पाहता इमारतीच्या मागची बाजू कुठे लागते याचा अंदाज घ्यावा. इमारतीची पाठ बंदराकडे आहे. मुंबईचा जुना किल्लाही याच बाजूला, नौदलाच्या आवारात. पुढे लायन गेट. इथे पाच मिनिटं थांबा, पण कॅमेरा आणि मोबाइल खिशात ठेवून. गोदीच्या भिंतीचा, गेटचा, पहारेकऱ्यांचा फोटो काढायला बंदी आहे आणि ती रास्त आहे. ही अजून चालू गोदी आहे. दरवर्षी दोन-चार जण याच जागी सेल्फीवरून पहारेकऱ्यांशी हुज्जत घालताना दिसतात.

बाराच्या आत अपोलो बंदरावर पोचायला हवं. गेटवेची पूर्वेकडची, समुद्राकडची बाजू तोवर सावलीत जाऊ लागते, पण आपल्याला पाहायच्या आहेत त्या पायऱ्या. उधाणाच्या भरतीला किती पायऱ्या पाण्याखाली जातात ते मोजून ठेवा. संध्याकाळी पुन्हा आलात तर त्या पायऱ्या शेवाळासकट उघड्या असतील. तेवढ्या उंचीचा पाण्याचा थर रोज दोनदा गोदीत येतो आणि जातो. सुक्या गोदीचं सगळं यंत्र हे एवढंच. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा महापालिका जाहीर करते आणि आपण त्या पाणी तुंबण्याच्या धास्तीने वाचतो. गोदीवाले याच तारखांची वाट पाहत.

वेळ असेल तर इथून बोट घ्यावी. घारापुरीच्या बोटीला तासभर लागतो, सोमवारी लेणी बंद असतात. बोट सुटल्यावर डाव्या हाताला नौदलाची गोदी, उभी जहाजं आणि क्रेन दिसतात. फोटो इथूनही काढायचे नाहीत. जुनी मुंबई गोदी मात्र पाण्यावरून दिसत नाही, ती आत दडली आहे. माझगावची बाजू पाहायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट बरी. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नाही, आणि जीवरक्षक जाकीट दिलं तर अंगात घालायचं, मांडीवर ठेवायचं नाही.

दुपारचं ऊन उतरलं की ओव्हल. हायकोर्ट आणि विद्यापीठ दोन्हींची तोंडं पश्चिमेला, चार ते साडेपाच ही त्यांची वेळ. समोर आज आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग आहे, पण हायकोर्ट उभं राहिलं तेव्हा तिथे समुद्र होता. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, टर्मिनसला तो २००४ मध्येच मिळाला होता. विद्यापीठाच्या आवारात बाहेरच्यांना परवानगीशिवाय सोडत नाहीत. कोर्टात सुटीच्या दिवशी प्रवेश नाही. महापालिका इमारतीच्या आतल्या फेऱ्या २०२१ मध्ये सुरू झाल्या, त्यांची नोंदणी आधी करावी लागते. ओळखपत्र जवळ ठेवा. तिपाई आणि ड्रोन घरी ठेवा.

दगडाकडे पाहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. काळा-करडा तो बेसाल्ट, आपल्याच सह्याद्रीचा. पिवळसर तो कुर्ला आणि मालाडच्या खाणींतला. आणि पांढरट, मऊ, ज्यात पानं-फुलं, माकडं-घुबडं कोरली आहेत, तो पोरबंदरचा चुनखडी दगड. जहाजातून येणं सोपं म्हणून तो इथवर आला. हा फरक कळला की इमारतींची दुखणीही कळतात. बेसाल्टला फार काही होत नाही. पोरबंदरी दगडाचं मात्र गाड्यांच्या धुराने आधी काळं कवच होतं, मग खारट दमट हवेतलं मीठ त्याच्या आत स्फटिक होऊन फुगतं आणि कवच पापुद्र्यासारखं गळून पडतं. त्याबरोबर कोरलेलं नाकही जातं. त्यावर उपाय म्हणून कुणी वाळूचा मारा करून दगड घासला, तर वरचा घट्ट थरही निघतो आणि पुढच्या पाच पावसाळ्यांत नुकसान दुप्पट होतं.

दुसरं दुखणं आपण स्वतः लावलेलं. जुन्या सांध्यांत चुना होता. डागडुजीत तिथे सिमेंट भरलं जातं. चुना श्वास घेतो, भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती वाट बंद करतं, मग ओलावा दगडातून वाट काढतो आणि दगडच सोलवटतो. सांधा दगडापेक्षा मऊ हवा, कारण झिजायचं त्याने आहे. निदान दोन-तीन आठवडे भिजवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग, हे साधं प्रमाण कंत्राटात लिहिलेलं असतं. घाई झाली की त्यात सिमेंटची पाटी पडते. तिसरं दुखणं दगडांना बांधणाऱ्या लोखंडी आकड्यांचं. पाणी शिरलं की ते गंजून फुगतात आणि दगड आतून फुटतो. आणि चौथं पिंपळाचं. गच्चीच्या पन्हळीत रोप दिसलं की ते उपटायचं नसतं. वरचा भाग तुटतो आणि मूळ आतच वाढत राहतं. कापून, मुळाला औषध भरून, ते पूर्ण मेल्यावरच सांधा उघडून काढायचं. फेरीत प्रत्येक इमारतीपाशी एवढ्या चार गोष्टी दाखवल्या, तरी लोक परत जाताना आपल्या चाळीच्या भिंतीकडेही वेगळ्या नजरेने बघतील.

फेऱ्यांत सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी मात्र आता थांबाव्यात. अमेरिकेचं राष्ट्रगीत 'मिंडेन'वर लिहिलं गेलं, ही त्यातली सर्वांत लाडकी. ते लिहिणारा माणूस त्या वेळी अमेरिकेच्याच एका बोटीवर होता. 'ताज' हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून वास्तुकाराने आत्महत्या केली, ही दुसरी. आराखडा करणाऱ्यांतले सीताराम खंडेराव वैद्य, तेच टर्मिनसवाले, इमारत पुरी होण्याआधीच १९०० मध्ये वारले, आणि 'ताज' उघडलं १९०३ मध्ये. उलटी इमारत बघून आत्महत्या करायला ते उरलेच नव्हते. तिसरी, गेटवेच्या कमानीतून पंचम जॉर्ज मुंबईत उतरले. ते आले १९११ मध्ये, कमानीची पायाभरणी झाली १९१३ मध्ये आणि ती पुरी झाली १९२४ मध्ये. खऱ्या गोष्टी इतक्या रंगतदार असताना खोट्यांची गरज काय?

गोदीबद्दल ही घाई का, असं कुणी विचारील. इमारतींना निदान १९९५ च्या वारसा नियमावलीचं संरक्षण आहे, पाडापाडी झाली तर आपण रस्त्यावर येतो. गोद्या मात्र गुपचूप जातात. प्रिन्सेस डॉक आणि १९४४ च्या स्फोटात होरपळलेला व्हिक्टोरिया डॉक, दोन्ही कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून भरून टाकले गेले. शहराला पत्ताही लागला नाही. १९९७ मध्ये निवृत्त झालेली जुनी विमानवाहू 'विक्रांत' काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये ती भंगारात गेली. लवजींच्या गोदीला आज असा धोका नाही, कारण ती नौदलाच्या ताब्यात आहे. पण न पाहिलेल्या वास्तूसाठी उद्या कोण बोलेल?

म्हणून तीन मागण्या. नौदलाने वर्षातून निदान दोन वेळा, ५ एप्रिलच्या राष्ट्रीय सागरी दिनाच्या आणि ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास, आधार कार्ड तपासून आणि मोबाइल बाहेर जमा करून घेऊन, वीस-वीस नागरिकांच्या गटांना जुन्या मुंबई गोदीच्या काठापर्यंत न्यावं. सुरक्षेची अडचण असेल तर त्या दिवशी गोदीत जहाज नसेल अशी तारीख नौदलानेच ठरवावी. दुसरी मागणी शहरातल्या एखाद्या संग्रहालयाकडे: गोदीची चालती प्रतिकृती ठेवावी. काचेचा हौद, दोन दरवाजे, ठोकळे, आणि पाणी चढवणारा-उतरवणारा एक छोटा पंप. शाळेतल्या मुलांना हे दहा मिनिटांत कळतं. तिसरी अगदी स्वस्त आहे. महापालिकेने आणि मुंबई बंदर प्राधिकरणाने मिळून अपोलो बंदराच्या पायऱ्यांशेजारी फुटांच्या आणि मीटरच्या खुणा असलेली एक दगडी पट्टी बसवावी, तिच्याशेजारी त्या महिन्याच्या भरती-ओहोटीचं कोष्टक मराठीत लावावं आणि 'मिंडेन', 'कॉर्नवॉलिस', 'ट्रिंकोमाली' कोणत्या तारखांच्या भरतीला गोदीतून बाहेर पडली, तेवढंच त्याखाली लिहावं. पट्टी बेसाल्टची असावी, आणि सांध्यात चुना.

आपला,
एक वाचक, मुंबई